रोबोटिक्सच्या टीममध्ये एकही मूल नुसतं बघत बसू नये म्हणून

शाळेत रोबोटिक्सची टीम नव्याने सुरू करणाऱ्या शिक्षकांसाठी आणि मदतीला येणाऱ्या पालकांसाठी हे लिहिते आहे. मी भांडुपच्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत विज्ञान शिकवते. इलेक्ट्रॉनिक्सचं शिक्षण माझं नाही. जे येतं ते मुलांबरोबर बसून आलं. रोबोट कसा बनवायचा हे दाखवणारे व्हिडिओ ढिगाने मिळतात. पण बारा मुलं आणि एक रोबोट असताना उरलेल्या मुलांनी काय करायचं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

पहिल्या वर्षी तिघांनी रोबोट केला आणि नऊ जणांनी बघितला. स्पर्धेत परीक्षकांनी सातवीतल्या एका मुलीला विचारलं, "तू काय केलंस?" ती म्हणाली, "मी चार्टला बॉर्डर काढली." ही मुलगी चार महिने एकही शनिवार चुकली नव्हती. तिने खरं तेच सांगितलं, कारण मी तिला दुसरं काही दिलंच नव्हतं. घरी येईपर्यंत ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही.

पुढे लक्षात आलं ते असं. रोबोटभोवती एका वेळी तीनच मुलांना जागा असते: एक लॅपटॉपवर, एक स्क्रू ड्रायव्हर घेऊन, एक धरायला. चौथं मूल कितीही हौशी असलं तरी ते मागून डोकावतं, आणि तीन आठवड्यांत डोकावणंही सोडतं. मग आपण म्हणतो, "त्याला इंटरेस्ट नाही." इंटरेस्ट असतो, पण उभं राहायला जागा नसते. त्या जागा आपणच तयार करायच्या आहेत.

१. एक दिवस नुसतं बघा

टीम आधीच चालू असेल तर इथून सुरुवात करा. एका कागदावर सगळ्यांची नावं लिहा आणि दर ५ मिनिटांनी कोणाच्या हातात काय आहे ते टिपा. दीड तासात १८ नोंदी होतात. मुलांना काही सांगू नका, ओरडू नका, मध्ये पडू नका.

माझ्या कागदावर एका मुलापुढे जवळजवळ प्रत्येक वेळी "लॅपटॉप" आणि चार मुलांपुढे ओळीने "बघतो, बघते" असं आलं होतं. एका मुलापुढे "बॅग आवरतो" हे तीनदा. तो कागद समोर आल्यावर मला कुणाला दोष द्यावासा वाटला नाही. लॅपटॉपवरचा मुलगा जागा अडवून बसला नव्हता, त्याला कुणी उठायला सांगितलंच नव्हतं.

२. स्पर्धा मुलांची संख्या बघून निवडा

इथे बहुतेक नवी मंडळी फसतात. आधी स्पर्धेचा फॉर्म भरतात आणि मग कळतं की टीममध्ये तीनच नावं चालतात. वर्ल्ड रोबोट ऑलिम्पियाडमध्ये टीम दोन किंवा तीन मुलांची असते. बारा मुलं असतील तर तिथे चार टीम उतरवा. तीन मुलं टीममध्ये आणि नऊ "राखीव" असं करू नका. राखीव मूल म्हणजे बघणारं मूल. चार टीमचं शुल्क झेपत नसेल तर ही स्पर्धा त्या वर्षी सोडा.

फर्स्ट लेगो लीगच्या चॅलेंज गटात दहापर्यंत मुलं चालतात, आणि तिथे टेबलावरची रोबोटची फेरी हा गुणांचा एकच भाग असतो. रोबोटची रचना, मुलांनी केलेला संशोधन प्रकल्प आणि टीम म्हणून वागणं हेही तितक्याच वजनाने तपासलं जातं. फेरी अडीच मिनिटांची. मोठी टीम असेल तर ही रचना आपल्या बाजूची आहे. फर्स्ट टेक चॅलेंजमध्ये १५ पर्यंत मुलं चालतात, पण खर्च आणि यांत्रिक काम दोन्ही बरंच जास्त. पहिल्या वर्षी तिकडे वळू नका.

नियम दरवर्षी बदलतात. यंदाची नियमपुस्तिका छापून घ्या आणि ती वाचायचं काम दोन मुलांवर सोपवा. ती इंग्रजीत असते, म्हणून त्यांनी प्रत्येक नियम मराठीत एका ओळीत लिहायचा. टीममधला नियमांचा वाद त्यांनीच मिटवायचा. आमच्या टीममधलं हे पहिलं "खरं" काम ठरलं, कारण रोबोटची लांबी नियमाबाहेर जाते हे त्या दोघांनीच सर्वांत आधी पकडलं.

३. ज्यावाचून अडेल असंच काम द्या

काम वाटताना एकच प्रश्न विचारा: हे मूल आज आलं नाही तर कोणाचं अडेल? उत्तर "कोणाचंच नाही" असेल तर ते काम नाही, वेळ घालवणं आहे. चार्टची बॉर्डर, स्क्रू वेचून देणं, फोटो काढणं ही त्यातलीच.

आमच्याकडे ठरलेली कामं अशी: सांगाडा आणि मोटर, वायरिंग, कोड, ट्रॅक, बॅटरी आणि सामान, चाचणी आणि वही, नियम आणि सादरीकरण. प्रत्येकावर एक किंवा दोघं. सांगाडा आणि कोड यांबद्दल फार लिहीत नाही, तिकडे मुलं आपोआप धावतात. बाकीच्या कामांना वजन द्यावं लागतं, ते आपणच द्यायचं.

ट्रॅक करणाऱ्यांना मी गणपती झाल्यावर मंडळाकडे पाठवते. पडून राहिलेला फ्लेक्स मिळतो. मागची बाजू पांढरी असलेला बघून आणायचा आणि त्यावर रोबोटने पकडून चालायची रेषा काळ्या इन्सुलेशन टेपने काढायची. नियमात रेषेची रुंदी दिलेली असते, तेवढीच ठेवायची, वळणाचं माप पट्टीने घ्यायचं. ट्रॅक चुकीचा झाला तर महिनाभराची चाचणी वाया जाते, हे त्या मुलांना स्पष्ट सांगा. ती आपोआप सरळ बसतात.

बॅटरीवाल्यांकडे मल्टिमीटर (व्होल्टेज मोजायचं यंत्र) असतो. प्रत्येक १८६५० सेलवर (पुन्हा चार्ज होणारा लिथियमचा सेल) मार्करने नंबर, आणि वहीत त्याचं व्होल्टेज. एक सेल भरल्यावर ४.२ व्होल्ट दाखवतो, दोन जोडल्यावर ८.४. आमचा नियम असा की जोडी ७ व्होल्टवर आली की रोबोट थांबवायचा, कुणाचीही फेरी चालू असो. सहावीतल्या मुलाने दहावीतल्या मुलाला "थांबव" म्हणायचं आणि त्याने थांबवायचं. हा अधिकार तुम्ही सगळ्यांसमोर द्या, नाहीतर मोठी मुलं ऐकत नाहीत.

वायरिंगवाल्या दोघींनी एकदा शोधलं की बॅटरी ७.४ दाखवते पण मोटरपाशी साडेपाचच्या आसपासच पोचतात. एल२९८एन मोटर ड्रायव्हर, म्हणजे बॅटरी आणि मोटर यांच्यामध्ये बसून मोटर चालवणारा बोर्ड, स्वतःच सुमारे २ व्होल्ट खातो. कोडवाले तोवर "मोटर खराब आहेत" म्हणून बसले होते.

आता वहीचं सांगते, कारण सर्वांत दुर्लक्षित काम हेच आहे. आठवीतला एक मुलगा. वर्गात तोंड उघडत नाही, पण अक्षर नेटकं. त्याला मी चाचणीची वही दिली: फेरीचा क्रमांक, वेळ, बॅटरीचं व्होल्टेज, रेषा कुठे सुटली. सलग दहा फेऱ्या, मध्ये कोडला हात लावायचा नाही. तीन शनिवार तो मुकाट्याने लिहीत होता. चौथ्या शनिवारी वही घेऊन माझ्याकडे आला आणि म्हणाला, "बाई, रोबोट चार वाजल्यानंतरच चुकतो. तिसऱ्या वळणावर."

कोडवाले म्हणाले, बॅटरी उतरत असेल. त्याने व्होल्टेजचा रकाना दाखवला. भरलेली बॅटरी लावून घेतलेल्या फेऱ्याही चारनंतर तिथेच चुकल्या होत्या. मग तो उठला, पश्चिमेच्या खिडकीपाशी गेला आणि पुठ्ठा लावून ती बंद केली. रोबोट वळण घेऊन गेला. उन्हात इन्फ्रारेड असतं आणि आमचा रेषा ओळखणारा सेन्सर इन्फ्रारेडवरच चालतो; तिसऱ्या वळणावर थेट ऊन पडत होतं. त्या संध्याकाळी काळ्या कार्डशीटची छोटी टोपी सेन्सरला बसवली, ती आजही आहे. त्यानंतर कोडवाली मुलं काहीही बदलण्याआधी "वही काय म्हणते?" असं विचारायला लागली. मला स्पर्धेतल्या कुठल्याही क्रमांकापेक्षा ते वाक्य जास्त मोलाचं वाटतं.

४. दुसरा सांगाडा जोडा

एकच रोबोट असेल तर कोडवाले आणि चाचणीवाले एकमेकांची वाट बघत बसतात. मोठ्या किटची दुसरी पेटी परवडत नाही, पण साधा रेषा पकडून चालणारा दुसरा रोबोट त्यामानाने बराच स्वस्तात उभा राहतो. नवी मुलं त्यावर शिकतात. बिघडला तरी कुणाच्या पोटात गोळा येत नाही.

लागणारं सामान:

- आर्डुइनो उनो (कोड चालवणारा छोटा बोर्ड) किंवा त्याचा स्वस्त जुळा बोर्ड, आणि डेटा जाणारी यूएसबी केबल
- एल२९८एन मोटर ड्रायव्हर
- बीओ मोटर, म्हणजे गिअरच्या छोट्या मोटर, दोन (तीन घ्या, एक जातेच), चाकं, पुढचं कॅस्टर चाक (सगळीकडे वळणारं छोटं चाक), सांगाड्याची पट्टी
- आयआर (इन्फ्रारेड) सेन्सर दोन किंवा तीन
- १८६५० चे दोन सेल, होल्डर, योग्य चार्जर, स्विच
- जंपर वायर तिन्ही प्रकारच्या (दोन्हीकडे पिन, दोन्हीकडे खाच, एकीकडे पिन एकीकडे खाच), छोटा ब्रेडबोर्ड (वायर नुसत्या खोचून जोडायची पट्टी)
- मल्टिमीटर, स्क्रू ड्रायव्हरचा सेट, वायर स्ट्रिपर, सोल्डरिंग आयर्न (डाग देऊन वायर जोडायला), चष्मा

खरेदीसाठी लॅमिंग्टन रोड. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असतं, ग्रँट रोड स्टेशनला पूर्वेकडे उतरा. आम्ही भांडुपहून दादरला गाडी बदलून जातो. रविवारी बहुतेक दुकानं बंद, म्हणून सुट्टीतला आडवार धरा. दोन मुलांना यादी आणि पैसे द्या आणि भाव त्यांनाच विचारू द्या. सामान सांभाळणारं मूल हे सामान स्वतः विकत आणतं तेव्हा एक जंपर वायरही हरवू देत नाही.

तुमच्या शाळेत अटल टिंकरिंग लॅब असेल तर आधी तिथे काय आहे त्याची यादी करा. नीती आयोगाच्या अटल इनोव्हेशन मिशनची ही योजना २०१६ पासूनची, सहावी ते बारावीसाठी. शेजारच्या शाळेत लॅब असेल तर मुख्याध्यापकांच्या पत्रासह विचारून बघा. आम्हाला अशाच एका शाळेने महिन्यातून दोन शनिवार बसू दिलं.

लॅपटॉप एकच असेल तर बाकीच्यांना शाळेच्या संगणक कक्षात टिंकरकॅडवर बसवा. ब्राउझरमध्ये फुकट चालतं, आर्डुइनोची जोडणी पडद्यावर करता येते, कोडही चालवून बघता येतो. आणि चुकीची जोडणी केली तरी काही जळत नाही.

५. खोळंबा कमी करा

मुलं रिकामी बसतात त्याचं मोठं कारण स्वभाव नाही, अडलेलं काम असतं. एक केबल चालत नाही म्हणून चार मुलांचा तास जातो. आमचे सर्वांत जास्त तास खाल्ले ते यांनी:

फक्त चार्जिंगची केबल. बोर्डावर दिवा लागतो, पण संगणकाला बोर्ड दिसत नाही. चाललेल्या केबलला लाल टेप लावा आणि बाकीच्या घरी पाठवा.

स्वस्त बोर्डाचा ड्रायव्हर. बऱ्याच जुळ्या बोर्डांवर सीएच३४० चिप असते. संगणकात तिचा ड्रायव्हर (तिला ओळखणारा छोटा प्रोग्राम) नसेल तर पोर्ट दिसत नाही. टीम जमण्याआधी आदल्या दिवशी घालून ठेवा.

९ व्होल्टची चौकोनी बॅटरी. व्हिडिओत सर्रास दिसते. दोन मोटर चालवायला लागणारा करंट तिच्यात नाही. रोबोट दोन हात चालतो आणि बोर्ड रिसेट होतो. मुलं तासभर कोडमध्ये चूक शोधतात.

ग्राउंड न जोडणं. बॅटरीचा, मोटर ड्रायव्हरचा आणि आर्डुइनोचा ग्राउंड (उणे टोक) एकत्र जोडलेला हवा. हे मी भिंतीवर मोठ्या अक्षरात लावलं आहे.

एक सुरक्षेची गोष्ट, यात तडजोड नाही: लिथियमचे सेल चार्जिंगला लावून खोलीबाहेर जायचं नाही, रात्रभर तर मुळीच नाही. सोल्डरिंग खिडकीपाशी, चष्मा घालून, मोठं माणूस शेजारी असतानाच.

६. ज्याला येतं त्याचे हात मागे

कोड नेहमी जोडीने. एक जण कळफलकावर, दुसरा सांगणार. दर १५ मिनिटांनी अदलाबदल, आणि त्यासाठी कुकरसाठी वापरतो तसला टायमर ठेवा. तुम्ही "आता बदला" म्हणालात तर "बाई, दोन मिनिटं" सुरू होतं, टायमरशी कुणी हुज्जत घालत नाही. ज्याला जास्त येतं त्याने शिकवताना हात पाठीमागे बांधायचे. तोंडाने सांगायचं, माऊसला हात लावायचा नाही. हुशार मुलांना हे जड जातं, पहिले दोन आठवडे ती चिडतात. निभावून न्या.

कामांची फिरवाफिरव मात्र दर आठवड्याला करू नका. ही चूक मी दुसऱ्या वर्षी केली. सगळ्यांना सगळं मिळावं म्हणून दर शनिवारी कामं बदलली आणि कुणालाच काही धड येईना. आता पाच आठवडे एक काम. शेवटच्या शनिवारी जुन्याने नव्याला शेजारी बसवून शिकवायचं, मगच काम हातात द्यायचं. स्पर्धेआधीच्या पंधरा दिवसांत बदल बंद.

मुलींच्या बाबतीत जागे राहा. कुणी ठरवून करत नाही, पण वही, चार्ट आणि भाषण मुलींकडे आणि स्क्रू ड्रायव्हर मुलांकडे सरकतो. मी पहिल्या पाच आठवड्यांचं वाटप स्वतः करते आणि सांगाडा व वायरिंगवर मुली असतील असं बघते. "तुला काय आवडेल?" असं सुरुवातीला विचारून उपयोग नाही. जे हातात कधी घेतलंच नाही ते आवडतं की नाही, हे मूल कसं सांगणार? पाच आठवड्यांनी विचारा.

भाषेचंही तसंच. टीममध्ये चर्चा मराठीतच ठेवा. सेन्सर, मोटर, कोड हे शब्द आपलेच झालेत, पण "मला वाटतं हे चुकतंय कारण..." हे वाक्य मूल ज्या भाषेत विचार करतं त्याच भाषेत येतं. सादरीकरण इंग्रजीत करायचं असेल तर आधी मराठीत पक्कं होऊ द्या.

७. वेळ मुलांच्या घरच्या घड्याळाने ठरवा

एक मुलगी रोज साडेचारला उठून जायची. मला वाटायचं कंटाळते. विचारलं तेव्हा कळलं की पाचला पाणी येतं आणि आई कामावरून सहाला येते. आमचा कोड अपलोड करून रोबोट चालवण्याचा कार्यक्रम पावणेपाचला व्हायचा, म्हणजे महिनोन्महिने तिने रोबोट चालताना पाहिलाच नव्हता. आता चाचणी आधी, जोडणी आणि आवराआवर नंतर. कोणाला किती वाजता निघावं लागतं याची यादी पहिल्याच दिवशी करा: क्लास, पाणी, धाकट्या भावंडाला बालवाडीतून आणणं.

शाळा दोन अधिवेशनांत भरत असेल तर सकाळची आणि दुपारची अशा दोन तुकड्या करा. त्यांच्यातला दुवा म्हणजे ती चाचणीची वही. जुलैमधले एक-दोन शनिवार पावसात जातात हे धरूनच चाला. गणपती, मग सहामाही, मग दिवाळीची सुट्टी. दहावीच्या मुलांना डिसेंबरनंतर मोकळं करा आणि त्यांची कामं त्याआधीच नववीकडे जाऊ द्या.

८. स्पर्धेचा दिवस

त्या दिवशी ताणामुळे पुन्हा तीनच मुलं रोबोटला घेरतात. म्हणून आदल्या दिवशी कागदावर लिहा: रोबोट ट्रॅकवर ठेवणारे दोघं, बॅटरीचे दोघं, दुरुस्तीच्या डब्याचा एक, सेन्सर तिथल्या उजेडात पुन्हा जुळवणारा एक, वेळापत्रक बघून बोलवायला येणारा एक, दुसऱ्या टीमना भेटून त्यांची रचना टिपून आणणारे दोघं. परीक्षकांपुढे प्रत्येकाने स्वतः केलेल्या कामावर तीन वाक्यं बोलायची, पाठ केलेली नाहीत. "काय अडलं, काय करून बघितलं, काय झालं," इतकंच.

सोबतची फाइल: शाळेचं पत्र, प्रत्येकाचं बोनाफाईड किंवा ओळखपत्र, पालकांची सही केलेली संमतीपत्रं, पालकांचे फोन नंबर, नोंदणीची छापील प्रत, नियमपुस्तिका, चाचणीची वही. सगळ्याच्या दोन प्रती.

स्पर्धा रविवारी असेल तर शनिवारी लोकलचा मेगाब्लॉक आहे का ते बघा, नाहीतर ठाण्याच्या अलीकडे अडकून नोंदणीची वेळ निघून जाते. रोबोट भाजीच्या प्लास्टिक क्रेटमध्ये, खाली जुनी चादर, सेल काढून वेगळ्या डब्यात. क्रेट दोघांनी मिळून उचलायचा आणि तो दोघांपैकी कुणीही सोडून जायचं नाही.

९. स्पर्धा झाली की रोबोट मोडा

काचेच्या कपाटात ठेवू नका. मार्चअखेर नव्या, सहावीतल्या मुलांना बोलावून तो पूर्ण सुटा करायला लावा आणि फक्त वहीच्या आधाराने परत जोडायला सांगा. जुन्या मुलांनी तिथे बसायचं, हात मागे, आणि विचारलं तरच बोलायचं. नवी मुलं जिथे अडतात त्या पानावर पेन्सिलने फुली मारतात, आणि ते पान ज्याने लिहिलं त्याने पुन्हा लिहायचं. सेन्सरच्या जोडणीचं पान आमच्याकडे यंदा तीनदा लिहून झालं. तिसऱ्यांदा ते त्या बॉर्डर काढणाऱ्या मुलीने लिहिलं, ती आता नववीत आहे, आणि त्यावर अजून फुली पडलेली नाही.